फिरा म्हणणारी

माघार घेण्यासाठी आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, आणि त्यातले बहुतेक शिवी म्हणूनच वापरतात. कच खाल्ली, शेपूट घातली, काढता पाय घेतला, अंग काढून घेतलं, पाठ दाखवली. उलट बाजूला बघावं तर सगळं कौतुकच. पाय रोवून उभा राहिला, ठाण मांडून बसला, तसूभर हलला नाही. हे शब्द ज्यांनी केले ते कोरड्या जमिनीवर राहत असणार. चिखलात पाय रोवणाऱ्याचं काय होतं ते मागलीला विचारावं.

मागली हे तिचं खरं नाव नव्हे. ओहोटीच्या चिखलावरून शिंपल्या गोळा करून परतणाऱ्या बायकांच्या रांगेत ती कायम शेवटी असायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. शेवटी असायची ती चालायला हळू म्हणून नव्हे. ती त्या बायकांची मुकादमीण होती, आणि परत फिरायची हाक जी देते तिनं सगळ्यांच्या मागून यायचं, हा तिथला नियम. आधी हाक द्यायची आणि शेवटी निघायचं. ज्याला हे अन्यायाचं वाटतं त्यानं मुकादमकी करू नये.

तिथला समुद्र ओहोटीला इतका लांब जातो की नवख्या माणसाला तो कायमचाच गेला असं वाटावं. मागे उरतो तो राखाडी चिखल, सपाट, चकचकीत, वर आभाळ उलटं पडलेलं. किनाऱ्यापासून बरंच चाललं की एक ओघळ लागतो, आणि ओघळापलीकडे वाळूचा लांबट उंचवटा. मोठ्या शिंपल्या मिळतात त्या तिथे. बायका फळ्या ओढत जातात, फळीवर टोपली, हातात दाताळं, पायात गमबूट. ओहोटीला ओघळ घोट्याएवढा असतो, बोलत बोलत पार होतो. खरी गोम तिथेच आहे. भरती समोरून येते असं सगळ्यांना वाटतं, कारण समुद्र समोर दिसतो. ती समोरून येतच नाही. ती आधी ओघळातून आत शिरते, तुमच्या पाठीमागून, आवाज न करता. समोरचं पाणी अजून दूर चमकत असतं आणि मागची वाट बंद झालेली असते.

हे मागलीला तिच्या सासूनं शिकवलं. लग्न होऊन आलेली मागली चार वर्गांत पहिली आलेली, बोटं नाजूक, चिखलाचा गंध नाही. पहिल्याच दिवशी तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, आणि शहाण्या माणसासारखी ती दुसरा पाय घट्ट रोवून पहिला उपसायला लागली. दोन्ही गेले. सासू धावत आली नाही, सरपटत आली.

"उभी राहू नकोस गं. उभी राहिलीस की त्याची झालीस. आडवी हो."

"साडी खराब होईल, आत्याबाई."

"मग साडीसकट पुरते तुला. हो आडवी."

ती आडवी झाली, सुटली, आणि त्या दिवसापासून सासूच्या पाठोपाठ राहिली. ओघळाच्या काठावर उभं राहून अधूनमधून एक काटकी पाण्यात टाकायची. ओहोटी असेतो काटकी समुद्राकडे वाहते. मग एक वेळ अशी येते की ती थांबते. जागच्या जागी डुलत राहते, जणू कुठे जायचं ते विसरली. त्यानंतर ती जमिनीकडे वाहायला लागते. सासूचा नियम एका ओळीचा होता. "काटकी थांबली की फिरा म्हणायचं. वाहती असताना म्हटलंस तर बायका उपाशी मरतील, उलटी फिरल्यावर म्हटलंस तर बुडून." आणि दुसरा नियम, की हाक एकदाच द्यायची. दोनदा दिली की पहिली फुकट जाते, पुढच्या वेळी सगळ्या दुसरीची वाट बघतात.

सासू गेली आणि हाक मागलीकडे आली. "फिरा" हा एवढाच शब्द. तो कानावर पडला की बायका हातातलं शिंपलं टाकून पाठ फिरवत. अर्धी टोपली तर अर्धी. कुणी मान वर करून पाण्याकडे बघतसुद्धा नसे. बघायचं काम मागलीचं, आपलं काम फिरायचं. यातच सगळी गंमत होती, आणि पुढचं सगळं यातूनच निघालं.

घरी म्हणाल तर दोन खोल्यांचं एकच घर होतं, मधे प्लायवूडची भिंत घालून दोन केलेलं. अलीकडे मागली आणि तिचा नवरा, पलीकडे धाकटा दीर आणि त्याची बायको. नळ एक, मोरी एक. मागलीचा नवरा बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्याचं बोलणंही लादीसारखं, फोडून काढावं तेव्हा तुकडा हाती लागे. दीर शिंपल्यांचा टेम्पो चालवायचा. आणि त्याची बायको, म्हणजे मागलीची धाकटी जाऊ, तिला सगळे धाकटीच म्हणत. हात भलता चलाख, जीभ त्याहून. दाताळं मारायची तर दुसरीच्या दोन टोपल्यांत हिची तीन. चार हंगाम ती मागलीच्या हाताखाली राबली, आणि चारही हंगाम अर्धी टोपली घेऊन परतताना कुरकुरत आली.

"जाऊबाई, पाणी अजून जेवायला बसलंय. तुम्ही त्याच्या पुढ्यातलं ताट कशाला ओढता?"

"त्याचं जेवण आपण आहोत, म्हणून."

बायका हसत. मागलीही हसे. अशी बोलणी रोजची, त्यात विष नव्हतं. विष आलं ते शेडमध्ये.

शेड म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर, खाली सिमेंटचे हौद, चाळण्या, आणि मधोमध निवडायचं ओलं टेबल. तिथे बायका उभ्यानं शिंपल्या निवडत, मेलेल्या बाजूला, जिवंत पोत्यात. शेडमालक स्वभावाने वाईट नव्हता, फक्त त्याला भरलेली पोती आवडत. एका दुपारी अर्ध्या टोपल्यांची रांग बघून तो म्हणाला, "मुकादमीणबाई, दुसऱ्या किनाऱ्यावर बायका तुमच्यानंतर बराच वेळ थांबतात म्हणे."

"मग त्यांच्याकडून घ्या."

"तसं नाही हो. विचारलं आपलं."

धाकटीनं हातातली चाळणी खाली ठेवली. "खरं ते बोलायला काय झालं? आमच्या जाऊबाईंना पाण्याची भीती बसलीय. त्यांची भीती आमच्या टोपलीतून कापून जाते."

भित्री हा शब्द मागलीला पाठीमागे बरेचदा लावला गेला होता, तोंडावर पहिल्यांदाच. तोही घरच्या माणसानं, शेडमालकासमोर.

"मग तू तुझा गट कर," मागली म्हणाली.

"करतेच. ज्यांना यायचं त्यांनी या."

तिघी सरकल्या. लगेच नाही, पण सरकल्या. मागलीनं हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकून ठेवा. आजपासून माझी हाक माझ्या बायांना. ज्यांनी अंग काढून घेतलं त्यांच्यासाठी मी तोंड उघडणार नाही. बुडतीला पाणी सांगायला मी काही तिची आई नाही."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं हे तिला तेव्हाच कळलं. पण मागलीची एक खोड होती. पाण्यापुढून ती रोज मागे यायची, बोललेल्या शब्दापुढून कधी नाही. तिचा नवरा म्हणे, हिच्या तोंडातून निघालेलं परत घ्यायला हिचा जबडा उलटा चालत नाही. त्याच्या मानानं हे भाषणच.

शेडमालक मात्र खूश झाला. "दोन गट म्हणजे उत्तम. चुरस असली की काम होतं."

चुरस झाली. ओघळ ओलांडून उंचवट्यावर दोन्ही गट जात, मागलीचा काठाजवळ, धाकटीचा आणखी पुढे. मागली काटकी बघे, फिरा म्हणे, आपल्या बायका घेऊन परते. धाकटीच्या बायका मागे राहत आणि काही वेळानं भरलेल्या टोपल्या ओढत येत. रोज. सुखरूप. मागलीला वाटे, हिनं आपली काटकी शोधली असेल, आपला अंदाज बसवला असेल. मनातल्या मनात तिला थोडा हेवाही वाटला. आपण इतकी वर्षं उगाच घाबरलो की काय, असं एकदा वाटून गेलं, आणि ते वाटणं दाताखाली आलेल्या वाळूसारखं राहिलं. थुंकलं तरी जाईना.

मग तिच्या दोन बायका पलीकडे गेल्या. "बाई, राग नका मानू, घरी खाणारी तोंडं आहेत." मागलीनं राग मानला नाही, मान हलवली. उरलेल्या होत्या त्यात एक तिची जुनी मैत्रीण, अखंड बोलते म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत. तीही बोलता बोलता गप्प व्हायला लागली, आणि रेडिओ गप्प झाला म्हणजे कुठे तरी वीज गेलीच समजायचं. घरी प्लायवूडपलीकडून हसण्याचे आवाज येत. आधी ते हसणं मागलीला ऐकवण्यासाठी असे, मग नुसतंच हसणं झालं. ते जास्त लागलं.

"थोडं ताणून बघ," नवरा एका रात्री म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि कूस बदलली.

तो दिवस धुक्याचा होता. धुक्यात जायचं की नाही यावर काठावर थोडी कुजबुज झाली, पण धाकटीचा गट निघाला म्हटल्यावर कोण मागे राहतं. ओघळ ओलांडताना पुढची फळी दिसत नव्हती, तिच्या घसटण्याचा आवाज तेवढा येत होता. उंचवट्यावर पोचल्यावर दोन्ही गट एकमेकींना दिसेनासे झाले. धाकटीच्या बायकांचं बोलणं मात्र ऐकू येई, कधी डावीकडून, कधी वाटे की अगदी पाठीशी. धुक्यात आवाज असाच भटकतो.

शिंपल्या चांगल्या होत्या त्या दिवशी. हे एक वाईटच झालं. प्रत्येक दाताळ्याला चार-चार मोठ्या. रेडिओ पुन्हा बोलायला लागली होती, "आज तर माझी टोपली बाळंतीण होतेय बघ," आणि सगळ्या हसत होत्या. किती तरी दिवसांनी मागलीच्या गटात हसू होतं. मागली ओघळाच्या काठावर उभी होती. तिनं काटकी टाकली. काटकी समुद्राकडे थोडी गेली आणि थांबली.

मागलीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

एवढंच घडलं. आभाळ कोसळलं नाही. काटकी डुलत होती. मागे दाताळी चालू होती, चर्र, चर्र, आणि टोपल्या अजून पाऊणच होत्या. तिनं ठरवलं असं काही नाही. तिनं फक्त आणखी एकदा बघितलं, आणि आणखी एकदा. काटकीनं तोंड फिरवलं. हळूच, बाई वळून बघते तशी. जमिनीकडे निघाली, धुक्यात शिरली, दिसेनाशी झाली. मागलीनं दुसरी टाकली. ती पडल्या पडल्या आत ओढली गेली. पाण्याचा रंग बदलला होता, त्यावर फेसाची बारीक सुरकुती आली होती.

"फिरा."

बायका फिरल्या. कुणी वर बघितलं नाही, टोपल्या जड होत्या आणि मनं हलकी. ओघळात उतरल्या आणि पुढची म्हणाली, "अगं बाई, आज गार लागतंय." पाणी पोटरीला आलं होतं. एवढ्या वर्षांत मागलीच्या गटाला ते घोट्याच्या वर कधी लागलं नव्हतं. मधोमध एकीचा गमबूट भरला. ओलांडून अलीकडे चढल्या तेव्हा सगळ्यांच्या टोपल्या शाबूत होत्या आणि दोघीतिघी हसत होत्या, थोडं जास्तच मोठ्यानं.

मागली शेवटी चढली. तिनं मागे वळून बघितलं. धुकं. "त्या आल्या का?"

"कोण, धाकटीच्या?" रेडिओ पदर पिळत म्हणाली. "येतील की. एक टोपली भरतील आणि येतील."

"म्हणजे काय?"

"म्हणजे रोजचंच. तू फिरा म्हटलंस की त्यांची एक टोपली. ती भरली की त्या निघतात."

मागलीला आधी कळलंच नाही. "माझ्या हाकेवर? तिची काटकी नाही?"

"कसली काटकी? तिनं आयुष्यात पाण्याकडे बघितलंय का कधी? तूच बघायचीस. आपली जाऊबाई वेळेआधी बोलते, त्यावर एक टोपली निघतेच, असं तिचं गणित. अगं, सगळ्यांना ठाऊक आहे. तुला नव्हतं?"

तिला नव्हतं. तिच्यापासून गट तोडून गेलेल्या बायका तिच्याच हाकेवर चालत होत्या, तिच्या सावधपणातून एक टोपली उसनी घेत होत्या. आणि आज तो सावधपणा तिनं स्वतःच खर्च केला होता. त्या उंचवट्यावर या क्षणी पाच बायका आणि धाकटी खाली मान घालून, निवांत, एक टोपली भरत होत्या.

मागलीनं फळी टाकली आणि ती ओघळाकडे वळली.

"अगं, कुठे?" रेडिओ म्हणाली. "तू मुकादमीण आहेस, तुझ्या बायका इकडे आहेत."

"तुम्ही घरी चला. थांबू नका. चालत राहा."

पाणी आता मांडीला होतं आणि जोर धरत होतं. फिरा म्हटल्यावर समुद्राकडे तोंड करून ती कधी चालली नव्हती, पायांनाही ते विचित्र वाटत असावं. उंचवट्यावर चढून तिनं हाक दिली, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा. "फिरा!"

धुक्यातून हसण्याचा आवाज आला. मग धाकटीचा. "ऐकलं हो मघाशीच. तुमच्या पोरींना न्या घरी, जाऊबाई. आमच्यासाठी तुम्ही तोंड उघडणार नव्हता ना?"

"पाणी आलंय गं."

"ते रोजच येतं."

पुन्हा हसणं. आणि दाताळी चालूच, चर्र, चर्र. पाणी आलं हे वाक्य मागलीनं इतकी वर्षं इतक्या आधी म्हटलं होतं की त्यात आता काही उरलं नव्हतं. ओरडून उपयोग नव्हता, ओरडणं म्हणजे भित्रीचं ओरडणं. धावत जाऊन एकेकीचा हात धरायचा तर धुक्यात कोण कुठे ते कळत नव्हतं. पाठीमागे ओघळाचा आवाज बदलला होता, आधी नव्हता, आता होता.

एकच गोष्ट होती जी या बायकांनी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती बोलायला तिला पाणी छातीशी आल्यापेक्षा जड गेलं.

"मी आज उशीर केला," ती म्हणाली. मग मोठ्यानं, शब्द तोडून. "ऐका. मी आज उशीर केला. काटकी थांबली तेव्हा बोलले नाही. उलटी फिरल्यावर बोलले. तुमची टोपली मीच वापरली. आता एक क्षण नाही."

दाताळी थांबली. मग ती खाली टाकल्याचे आवाज, एक, दोन, पाठोपाठ, आणि धुक्यातून बायका येताना दिसल्या, बोलत नव्हत्या, पळतही नव्हत्या, चिखलात पळता येत नाही. गुडघ्यांवर, हातांवर, जमेल तशा.

"बूट काढा. टोपल्या टाका. एकमेकींच्या फळीची दोरी धरा आणि चालत राहा, मधे थांबू नका."

ओघळ आता ओघळ राहिला नव्हता. कमरेच्या वर पाणी, आणि ते आडवं ओढत होतं. पाचही जणी दोरीला धरून पार झाल्या, एक मधे पाण्याखाली गेली आणि केसांना धरून वर काढली गेली. पण धाकटी मागेच होती. ती आपल्या गटाची मुकादमीण, नियमाप्रमाणे शेवटची, एवढा नियम मात्र तिनं पाळला होता. उंचवट्याच्या कडेला तिचा पाय रुतला होता आणि दोन्ही हातांनी तिनं भरलेली टोपली छातीशी धरली होती.

"सोड ती."

"भरलीय, जाऊबाई."

"दिसतंय मला. सोड."

"सुटेल पाय, एक हिसका..." ती दुसरा पाय रोवायला लागली.

मागलीनं टोपलीला खालून लाथ मारली. शिंपल्या पाण्यात सांडल्या, धाकटीच्या हातात रिकामी टोपली राहिली आणि ती तोल जाऊन आडवी पडली, आणि आडवी पडली म्हणून सुटली. धाकटीच्या फळीवर पोट टेकून दोघी ओघळात उतरल्या. पाणी त्यांना बरंच बाजूला घेऊन गेलं. कुठे तरी गुडघ्याला चिखल लागला तेव्हा त्या अलीकडे होत्या, एवढंच नंतर दोघींना सांगता आलं.

सगळ्या आल्या. गेल्या त्या फळ्या, दाताळी आणि बूट.

शेडमध्ये दुसऱ्या दिवशी दोन गट होते ते बोलाचाली न होता एक झाले. शेडमालकानं नवीन बूट आणले, खरोखरच मनापासून चौकशी केली, आणि जाता जाता म्हणाला, "पण बघा मुकादमीणबाई, एवढा उशीर होऊनसुद्धा कुणाला काही झालं नाही. म्हणजे जागा आहे थोडी." तो काही टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. निवडणाऱ्या बायकांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

संध्याकाळी धाकटी प्लायवूडला वळसा घालून अलीकडे आली. किती महिन्यांनी. ताप येऊन गेल्यासारखी दिसत होती. दारातच उभी राहिली.

"या, बाईसाहेब. बसायचं तर बस," मागली म्हणाली.

"बसत नाही. एक विचारायचं होतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरंच उशीर केला होतात, की आम्हाला आणायला तसं म्हणालात?"

मागली भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "केला होता."

"मग असं करा. तसं म्हणू नका. म्हणा की पोरींना घाबरवायला थाप मारली. मी सांगते सगळ्यांना. माझ्यावर येऊ दे, म्हणेन की मीच मूर्ख, थापेला भुलले. पण तुम्ही वेळेवरच बोलला होता असं राहू दे. शेडमध्ये काय बोलतायत ऐकलंत ना? जागा आहे म्हणतायत. तुमच्या हाकेत जागा आहे म्हणतायत."

"ऐकलं."

"मग?"

इथे मागलीनं माघार घ्यायला हवी होती. शहाणपण तिथेच होतं आणि ते तिच्या दारात आयतं चालून आलं होतं, तेही त्याच धाकटीच्या पायांनी. एक शब्द गिळायचा, एक थाप कबूल करायची, की हाक पुन्हा जशीच्या तशी. पण रोज समुद्रापुढून पाय मागे घेणाऱ्या बाईला तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं जमत नव्हतं ते नव्हतंच.

"जे झालं ते झालं. खोटं बोलून मी मुकादमकी करायची नाही."

"तुमचं खरं तुम्हाला लखलाभ, जाऊबाई. बुडेल कोण?"

मागलीनं देठ मोडला. धाकटी भिंतीपलीकडे गेली. त्यानंतर ती ओहोटीला कधी गेली नाही. शेडमध्ये निवडायचं काम धरलं, हौदापाशी, पाण्याकडे पाठ करून.

पुढची मोठी ओहोटी आली ती स्वच्छ उन्हाची. धुकं नाही, वारा नाही, पाणी आरशासारखं दूर. सगळ्या उंचवट्यावर गेल्या, नवीन फळ्या, नवीन बूट. मागली ओघळाच्या काठावर होती. काटकी थांबली.

"फिरा," ती म्हणाली, वेळेवर.

बायकांनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सगळ्यांनी मिळून समुद्राकडे बघितलं. समुद्र लांब होता, चमकत होता, काही म्हणत नव्हता. मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एकदोघी पुन्हा वाकल्या. मग आणखी एक.

"फिरा म्हटलं ना."

"हो गं, आलोच," रेडिओ म्हणाली. दाताळं हातातच होतं आणि आवाजात भांडण नव्हतं, मायाच होती. "एवढी टोपली होऊ दे. तूच तर म्हणालीस, त्या दिवशी किती उशीर झाला होता. तरी आलोच की सगळ्या."

मागलीच्या पाठीमागे ओघळ होता. तिनं वळून बघितलं नाही. तिला शेवटीच निघायचं होतं, आणि अजून एकही बाई निघाली नव्हती.